पाण्याची जागा पाण्याला : वसईची बावखले आणि उद्याचे नगरनियोजन

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरार शहर सलग काही दिवस पाण्याखाली होते. नालासोपारा येथे रूळ बुडाल्यामुळे पश्चिम रेल्वेची वाहतूक बंद पडली. अनेक वसाहतींचा वीजपुरवठा खंडित झाला, तळमजल्यांवरील बिऱ्हाडांचे संसार भिजले आणि वसईच्या मिठागरातील वस्तीत सुमारे ४०० माणसे अडकून पडली. पाऊस ओसरल्यानंतरही पाणी ओसरत नव्हते, हे त्या पुराचे वैशिष्ट्य होते. महापालिकेने पुढे या पुराच्या कारणांचा अभ्यास ‘नीरी’ आणि मुंबईची आयआयटी या दोन संस्थांकडे सोपवला. नाले रुंद करणे, मोऱ्या मोठ्या करणे, धारण तलाव उभारणे अशा उपायांची चर्चा तेव्हापासून होत आली आहे.

या चर्चेत बावखल हा शब्द मात्र क्वचितच ऐकू येतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु बावखल म्हणजे वाडवडिलांची आठवण, रहाटाच्या काळातील एक जुनी सोय, एवढेच आपण धरून चाललो आहोत. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की रस्ता, जलवाहिनी किंवा वीज उपकेंद्र ही जशी शहराची पायाभूत साधने आहेत, तसेच बावखल हेही एक पायाभूत साधन आहे. शहराला त्याचा लाभ हवा असेल, तर ते राखण्याचा सगळा भार एकट्या जमीनमालकाच्या खांद्यावर टाकून चालणार नाही.

पाऊस बदलला आहे

वातावरण तापले की हवेत अधिक बाष्प सामावते, आणि ते कोसळते तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ कोसळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्यासाठी लागणारे बाष्प मोठ्या प्रमाणावर अरबी समुद्रातून येते, हेही त्यात दाखवले आहे. त्याच समुद्राने जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे कोकणच्या किनाऱ्याला दाखवली. तौक्ते वादळाने वसईच्या वाड्यांतील केळी, नारळ आणि फुलझाडांची केलेली नासाडी अनेकांच्या स्मरणात असेल.

शहरांची गटारे मात्र जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेली आहेत. शेजारच्या मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल, अशा बेताने आखलेली होती. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्यातील बराचसा काही तासांतच पडला होता. असा पाऊस सामावेल एवढी गटारे कोणतेही शहर बांधू शकत नाही. बांधली तरी भरतीच्या वेळी समुद्र त्यांचे तोंड बंद करतो. म्हणून जगभरचे नगरनियोजनकार आता पाणी किती वेगाने बाहेर काढता येईल, या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारू लागले आहेत : काही तास पाणी थांबेल, मुरेल आणि कुणाचे घर बुडणार नाही, अशी जागा शहरात कुठे आहे?

निसर्गाधारित म्हणजे काय?

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला ‘निसर्गाधारित उपाय’ असे नाव मिळाले आहे. २ मार्च २०२२ रोजी नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने या संज्ञेची व्याख्या मान्य केली. जमीन, गोडे पाणी, किनारा आणि समुद्र येथील परिसंस्थांचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि शहाणपणाने केलेला वापर यांतून समाजापुढील अडचणींना उत्तर शोधावे, आणि तसे करताना माणसाचे हित व जैवविविधता ही दोन्ही साधावीत, असा तिचा आशय आहे. त्या व्याख्येतील एक तपशील आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. केवळ नैसर्गिक परिसंस्थाच नव्हेत, तर माणसाने हात लावून बदललेल्या परिसंस्थाही तिच्या कक्षेत येतात. माणसाने खणलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले तळे त्यामुळे या विचाराच्या बाहेर राहत नाही.

आपल्याकडे मात्र या विषयाचा अर्थ वृक्षारोपणापुरता आक्रसला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रोपे लावायची, दुभाजकावर शोभेची झुडपे उभी करायची आणि शहर हरित झाल्याचे जाहीर करायचे, असा प्रघात पडला आहे. झाडे हवीतच. पण पाणथळ जागेवर माती भराव टाकून उभारलेल्या उद्यानात हजार झाडे लावली, तरी त्या भरावाने हुसकलेले पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यातच शिरणार.

वसईची जलरचना

वसईचा भूगोल थोडक्यात मांडता येतो. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरचे पाणी ओहोळांतून खाली येते आणि सखल भागातून खाडीकडे जाते. या वाटेवर उत्तर-दक्षिण पसरलेला रेल्वेमार्गाचा बांध आडवा येतो. तो ओलांडायला पाण्याला केवळ मोऱ्यांचाच आधार असतो. त्यापलीकडे भातशेती, खाजणे, मिठागरे आणि तिवरांची दाटी. सर्वांत पश्चिमेला, समुद्रालगतच्या किंचित उंच रेताड पट्ट्यावर, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर यांसारख्या गावांच्या वाड्या.

या साखळीतील प्रत्येक कडीचे काम ठरलेले होते. डोंगरावरचे जंगल पाण्याचा वेग कमी करी. भातखाचरे बांधांच्या आधाराने पाणी काही काळ अडवीत. खाजणे आणि मिठागरे भरतीचे व पावसाचे पाणी एकाच वेळी सामावून घेत. तिवरे लाटांचा जोर मोडीत आणि गाळ धरून ठेवीत. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या आणि त्यांना घट्ट धरणारी मर्यादवेल समुद्राला थोपवी. त्या वेलीचे नावच तिचे काम सांगते. आणि वाड्यांमध्ये, घरांच्या मागे, केळीच्या बनांच्या कडेला बावखले होती.

बावखलाचे काम दुहेरी आहे. पावसाळ्यात ते वाडीचे आणि वाटेचे पाणी गोळा करते. पावसाळा संपल्यावर तेच पाणी शिंपण्याला उपयोगी पडते आणि उरलेले जमिनीत मुरून आसपासच्या विहिरी जागत्या ठेवते. किनाऱ्यालगत या मुरण्याला विशेष महत्त्व आहे. रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर राहिली, तर सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत खारे पाणी दाबून धरले जाते, असे भूजलशास्त्राचे ढोबळ गणित आहे. हेच गणित उलट्या दिशेनेही चालते. मुरणे थांबले आणि कूपनलिकांनी किंवा टँकरसाठी उपसा वाढवला, तर वरची पातळी थोडीशी खाली जाताच खालचे खारे पाणी कितीतरी वर चढते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होण्यामागे हे साधे कारण आहे.

पाच गुंठ्यांचा हिशेब

शहराच्या दृष्टीने एका बावखलाची किंमत किती, हे साध्या अंकगणिताने पाहता येईल. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे एक मोठा टँकर. आता पाच गुंठ्यांच्या बावखलात काठापर्यंत एक मीटर जागा रिकामी आहे असे समजू. त्यात पाच लाख लिटर पाणी मावेल. म्हणजे सव्वा एकर जमिनीवर पडलेल्या १०० मिलिमीटर पावसाचा थेंबन्‌थेंब ते एकटे पोटात घेईल. ते बुजवून वर फरसबंदी केली, की हे पन्नास टँकर पाणी रस्त्यावर येते आणि भूगर्भाला मिळणारा त्याचा वाटाही जातो. वाडीचा मालक जमीन विकतो तेव्हा खरेदीखतात पाच गुंठ्यांची किंमत लिहिली जाते. या पन्नास टँकरांची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. तो तोटा शेजारी सोसतात, आणि पाणी पुढे वाहत जाऊन ज्यांनी कधी बावखल पाहिलेही नाही, त्यांच्या दारात उभे राहते.

उपायाची मर्यादा

या उपायाच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. जूनच्या आरंभी रिकामे असलेले बावखल पहिल्या मोठ्या सरी सहज झेलते. पण जुलैच्या मध्यापर्यंत भूजल वर आलेले असते आणि बावखल काठोकाठ भरते. त्या वेळी अतिवृष्टी झाली आणि तिला उधाणाची जोड मिळाली, तर एकटे बावखल पूर टाळू शकत नाही. तेथे खाजण, मिठागर आणि धारण तलाव यांची गरज लागते, कारण भरती उतरेपर्यंतचे काही तास पाणी साठवून ठेवण्याचे काम त्यांचे आहे. म्हणून साखळी अखंड हवी. एक कडी राखून उरलेल्या तोडल्या, तर राखलेल्या कडीचाही उपयोग संपतो.

चीनचा अनुभव याबाबत बोलका आहे. त्या देशाने २०१५ पासून ‘स्पंज शहरां’ची मोठी योजना राबवली : पाणी शोषणारे रस्ते, तळी, पाणथळ उद्याने. झेंगझोऊ शहरानेही त्यावर मोठा खर्च केला होता. २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेच्या डब्यांतही पाणी शिरून प्रवासी मृत्युमुखी पडले. निसर्गाची मदत घेतली म्हणजे धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, सुरक्षित निवारे आणि चांगली गटारे यांची गरज संपते, असे कुणी मानू नये. तापमानवाढ जितकी अधिक, तितकी या उपायांची परिणामकारकता घटत जाते, असा इशारा आंतरराष्ट्रीय हवामान बदल मंडळाच्या २०२२ च्या अहवालानेही दिला आहे. तरीही नेहमीच्या मुसळधार पावसात, वर्षातून अनेकदा येणाऱ्या तुंबईत आणि उन्हाळ्यातील टंचाईत ही साखळी जे काम करते, ते करणारे दुसरे इतके स्वस्त साधन आपल्यापाशी नाही.

बावखल का बुजते?

बावखले बुजवणाऱ्यांना दूषणे देणे सोपे आहे. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. रहाट गेला, विजेचा पंप आला आणि विहिरीवर भागू लागले. वाडीचे वाटे झाले. एकाच बावखलाचे पाच-सहा भावांत हक्क पडले आणि गाळ कुणी उपसायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मुले मुंबईला नोकरीला जाऊ लागली. केळी आणि पानमळ्यांतून मिळणारे उत्पन्न मजुरीलाही पुरेना. वापर थांबला तसा बावखलात केरकचरा पडू लागला, नव्या वसाहतींचे सांडपाणी येऊन मिळाले आणि डासांच्या तक्रारी वाढल्या. मग शेजारीच म्हणू लागले, एकदाचे बुजवून टाका. जमिनीचा गुंठ्याचा भाव आणि बावखलाचे शून्य उत्पन्न यांची तुलना करून एखाद्या कुटुंबाने निर्णय घेतला, तर त्याला केवळ लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. बावखलाचा लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा, या विषम वाटणीतच त्याचा मृत्यू ठरलेला आहे.

कायद्याचे छत्र

कायदा या बावखलांना कितपत तारतो? केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांत पाणथळ जागेची व्याख्या दिलेली आहे. नद्यांची पात्रे, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, तसेच मत्स्यसंवर्धन, मीठ उत्पादन, करमणूक व सिंचन यांसाठी माणसाने मुद्दाम बांधलेल्या रचना या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे सिंचनासाठी खणलेले बावखल, भाताचे खाचर आणि मिठागर, अशा आपल्या साखळीतील तीन कड्या एका वाक्यात छत्राबाहेर गेल्या. तिवरांची स्थिती तुलनेने बरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ आणि २०१८ चे आदेश आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांचा आधार त्यांना आहे. सार्वजनिक तळी बुजवण्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट भूमिका घेतली. पण खासगी मालकीचे बावखल यांपैकी कशातच नीट बसत नाही.

मिठागरांचे काय होते, हे मुंबईत दिसते आहे. २०२४ साली सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी घेण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. कागदावर जी जमीन रिकामी दिसते, तीच भरतीच्या वेळी शहराचे पाणी धरून ठेवत असते, हा विचार अशा निर्णयांत मागे पडतो.

माणसाने घडवलेली पाणथळ जागाही कायद्याने राखता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरवर मत्स्यतळी, भाजीपाल्याची शेते आणि भातखाचरे पसरली आहेत. शहराचे सांडपाणी कालव्यांतून या तळ्यांत येते. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्मजीव ते शुद्ध करतात, आणि त्यावर मासळी व भाजी पिकते. अभियंता ध्रुबज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे महत्त्व जगापुढे आणले. २००२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००६ साली पश्चिम बंगालने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तेथेही अतिक्रमणे आहेत, कायद्याने सर्व काही साधले असे नाही. तथापि त्या तळ्यांपासून हजारो कुटुंबांची चूल पेटते, हे त्यांच्या टिकण्याचे मोठे कारण आहे. ज्या जलाशयावर कुणाची उपजीविका अवलंबून असते, त्याला राखणदार आपोआप मिळतो. वसईत नेमका तोच दुवा तुटला आहे.

आराखड्यात काय हवे?

वसईच्या नियोजनाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९९० साली सिडको येथील विशेष नियोजन प्राधिकरण झाले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये निवर्तले; परंतु पश्चिम पट्ट्यात आज जे हिरवे उरले आहे, त्यात त्या लढ्याचा वाटा आहे. २००१ ते २०२१ या काळाचा विकास आराखडा २००७ साली मंजूर झाला आणि ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. त्या आराखड्याचा काळ उलटून गेला आहे. पुढील दोन दशकांचे नियोजन करताना पुढील गोष्टींचा आग्रह धरायला हवा.

पहिली गोष्ट नोंदीची. बावखल प्रत्यक्षात असते, पण अनेकदा सातबाऱ्यावर आणि विकास आराखड्याच्या नकाशावर त्याची स्वतंत्र खूण नसते. जे नकाशावर नाही, ते बुजवल्याचे सिद्धही करता येत नाही. गावनिहाय सर्वेक्षण करून प्रत्येक बावखलाचे क्षेत्र, खोली आणि त्याला मिळणारे पाट व ओहोळ यांची नोंद झाली पाहिजे. ही नोंद विकास आराखड्याचा भाग असावी, वेगळ्या अहवालात पडून राहू नये.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. मुंबईत वारसा वास्तू जतन करणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची पद्धत आहे : वास्तू जागीच ठेवायची, तिच्यावर न वापरता आलेले बांधकामाचे हक्क अन्यत्र विकायचे. बावखल राखणाऱ्या कुटुंबाला असाच हक्क का मिळू नये? मालमत्ता करातील सवलत, गाळ उपसण्याचा खर्च महापालिकेने उचलणे, डासांसाठी गप्पी मासे सोडणे, या सोयी त्याच्या जोडीला देता येतील. धरणातील गाळ शेतात नेण्याची योजना राज्याने २०१७ साली आखली. बावखलाचा गाळ वाडीला घालण्याची आपली जुनी रीत त्याहून निराळी नव्हती. मोबदला देताना अट मात्र स्पष्ट हवी : बावखल जिवंत असेल तोवरच लाभ, आणि त्याची पाहणी दरवर्षी.

तिसरी गोष्ट साखळीची. धारण तलावांसाठी सुचवलेल्या जागा, उरलेली मिठागरे, खाजणे आणि नाल्यांचे काठ हे एकाच जलव्यवस्थेचे भाग म्हणून आराखड्यात दाखवावेत. किनाऱ्यावर धूप थांबवण्यासाठी केवळ सुरूची रोपे लावणे पुरेसे नाही. सुरू हे या भूमीचे मूळ झाडही नव्हे. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरील स्थानिक वनस्पती राखणे अधिक शहाणपणाचे ठरेल. इमारतींच्या आवारात पाणी मुरवण्याची तरतूद नियमांत आहे. ती भोगवटा दाखल्यापुरती न राहता पुढेही तपासली जावी.

कोणाचे शहर?

या विचारावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या शहरात गरिबांना घरे हवी आहेत. मूठभर वाडीवाल्यांच्या तळ्यांसाठी जमीन अडवून का ठेवायची? आक्षेप गंभीर आहे. त्याला टाळून हरित वसईची भाषा बोलणे बरे नव्हे.

पण पूर येतो तेव्हा आधी कोण बुडते, हेही पाहिले पाहिजे. उंच जोत्याच्या बंगल्यात पाणी उशिरा पोहोचते. नालासोपाऱ्याच्या सखल भागातील चाळी आणि मिठागरातील झोपड्या आधी पाण्यात जातात. परवडणारे घर म्हणून गरिबाला विकली गेलेली जागा पुष्कळदा पाण्याचीच जागा असते, आणि विकणारा तोवर निघून गेलेला असतो. नालासोपारा पूर्व येथे सांडपाणी प्रकल्प व क्षेपणभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये त्या पाडण्यात आल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबांचा निवारा गेला. कष्टाची मिळकत घालून घर घेतलेल्या त्या माणसांचे नुकसान कोणत्याही पुराहून कमी नव्हते. आराखड्यातील आरक्षण वेळीच राखले असते, तर ते टळले असते. तेव्हा पाण्याची जागा राखणे आणि गरिबाला घर देणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. गरिबाला सुरक्षित जागी घर मिळावे, हीच मागणी दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे. वाडीतील कुटुंब आणि चाळीतील कुटुंब यांना एकमेकांसमोर उभे करणारे नियोजन दोघांचेही अहित करते.

धर्मग्रामांपुढील काम

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाण्याचा प्रश्न आणि शहरातील गरिबांचे जगणे या दोहोंचा एकत्र विचार केला. वसईत तो विचार प्रत्यक्षात आणायचा, तर सुरुवात अंगणातून करता येईल. चर्च, शाळा आणि सभागृहांच्या आवारांत गेल्या काही वर्षांत सर्वत्र फरसबंदी दिसू लागली आहे. सणासुदीला चिखल नको, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु आवाराचा काही भाग उघडा ठेवणे, छपराच्या पागोळ्यांचे पाणी विहिरीत सोडणे आणि धर्मग्रामाच्या जमिनीत बावखल असेल तर त्याचा गाळ उन्हाळ्यात काढणे, ही कामे कुणाच्या परवानगीवाचून होणारी आहेत.

दुसरे काम नागरिक म्हणून करायचे आहे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचना नोंदवण्यासाठी कायद्याने ठराविक मुदत मिळते. त्या मुदतीत गावोगावची बावखले शोधत फिरायला वेळ नसतो. म्हणून आतापासूनच प्रत्येक गावातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन बावखलांची यादी करावी : कोणत्या आळीत, किती गुंठ्यांचे, पाणी कुठून येते, कुठे जाते, सध्याची अवस्था काय. बुजवलेल्या बावखलांचीही नोंद ठेवावी, कारण पावसाळ्यात पाणी तेथेच जागा शोधत येते. ही माहिती आज ज्यांच्याकडे आहे, त्यांची वये सत्तरीच्या पुढची आहेत. अशी यादी हाती असेल, तर हरकत केवळ भावनेची न राहता पुराव्याची होईल आणि नियोजन अधिकाऱ्यालाही ती सहज बाजूला ठेवता येणार नाही.

तिसरे काम घरातले आहे. वाटणीच्या बैठकीत बावखल कुणाच्या हिश्शाला जावे, यावर वाद होतो, तेव्हा ते सर्वांच्या नावे सामायिक ठेवण्याचा आणि गाळ उपशाचा खर्च वाटून घेण्याचा पर्यायही कुणीतरी मांडावा. एकदा बुजवलेले बावखल पुन्हा खणण्याचा खर्च कोणतेही कुटुंब करत नाही आणि कोणतीही महापालिका सहसा करत नाही. मोबदल्याची व्यवस्था उद्या झालीच, तर तिचा लाभ घ्यायला तोवर बावखल उरलेले असले पाहिजे.